शाळेतला फ्लू : मुलांना काय शिकवायचं आणि शाळेनं काय बदलायचं

फळाखडू

फ्लूचा हंगाम आला की शाळाशाळांतून तीच जनजागृती होते. एक भित्तिपत्रक, परिपाठात पाच मिनिटांचं भाषण, ‘वारंवार हात धुवा’. मुलांना हे सगळं पाठ असतं, परीक्षेत विचारलं तर पैकीच्या पैकी गुण. तरीही एका बाकावरचा ताप आठवड्याभरात वर्गभर फिरतो. हे असं का होतं आणि शाळेच्या हातात नेमकं काय आहे, यासाठी हा धागा काढते आहे.

पाचवी ते दहावीसाठी तीन तासिकांचा पाठ बसवायचा आहे. पहिलीत फ्लू आणि साध्या सर्दीतला फरक, दुसरीत तो पसरतो कसा (प्रयोगासह), तिसरीत आजारी पडल्यावर काय करायचं.

पहिल्या तासिकेसाठी इतकं लिहून ठेवलंय : सर्दी हळूहळू चढते. आधी घसा खवखवतो, मग नाक वाहतं, ताप नसतो किंवा किरकोळ असतो. फ्लू एकदम गाठतो. काही तासांत ३८ अंश सेल्सिअसच्या वर ताप, थंडी, डोकं आणि अंग ठणकणं, कोरडा खोकला, उठवत नाही इतका थकवा. ताप बहुधा तीन-चार दिवसांत उतरतो, खोकला आणि थकवा दोन आठवडेही रेंगाळतो. लहान मुलांना फ्लूत उलट्या-जुलाब होऊ शकतात. पण ताप-खोकला काहीच नाही आणि फक्त उलट्या-जुलाब आहेत, त्याला लोक ‘पोटाचा फ्लू’ म्हणतात तो फ्लू नव्हे. त्याचे विषाणू निराळे.

जाणकारांनी चुका दाखवाव्यात. आकडे दिलेत तर फार बरं होईल, मुलांना आकडे आवडतात.

सूक्ष्मदर्शी

फळाखडूताई, लक्षणांचं बरोबर आहे. त्यात एक वेळापत्रक जोडा, कारण सगळी मेख तिथेच आहे.

विषाणू शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत १ ते ४ दिवस जातात, बहुतेकदा २. लक्षणं दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून मूल इतरांना संसर्ग देऊ शकतं. लक्षणं सुरू झाल्यावरचे पहिले तीन-चार दिवस सर्वांत जास्त संसर्गाचे, मग तो ओसरत ५ ते ७ दिवसांपर्यंत राहतो. लहान मुलांत आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांत त्याहून लांबतो. म्हणजे ‘खोकणाऱ्यापासून लांब बसा’ एवढं शिकवून भागत नाही. ज्याला अजून खोकला सुरूच झालेला नाही तोही आदल्या दिवशी डबा वाटून खात असतो.

विषाणूबद्दल वर्गात सांगण्याजोगं थोडकं : इन्फ्लुएन्झाचे ए, बी, सी, डी असे चार प्रकार. दर हंगामात साथ आणतात ते ए आणि बी. सी सौम्य असतो, डी मुख्यतः गुराढोरांत आढळतो. ए प्रकाराच्या पृष्ठभागावर दोन प्रथिनं असतात, एच आणि एन. एच पेशीत शिरायला लागतं, एन नव्यानं तयार झालेले विषाणू पेशीपासून सुटे व्हायला. एच१एन१ हे नाव त्यावरून पडलं. विषाणू स्वतःच्या प्रती काढताना चुका करतो, त्या साचत जातात आणि या प्रथिनांचा चेहरा थोडा थोडा बदलतो. गेल्या वर्षीची ओळख शरीराला यंदा पुरत नाही ती यामुळे. कधीतरी वेगवेगळ्या प्राण्यांतल्या फ्लू विषाणूंचे जनुकीय तुकडे एकत्र येऊन अगदीच अनोळखी विषाणू तयार होतो. २००९ साली जगभर पसरलेला एच१एन१ असा होता. लोकांनी त्याला स्वाइन फ्लू म्हटलं, पण तो माणसाकडून माणसाकडे पसरत होता.

वस्तूंवर किती टिकतो हे मुलं हमखास विचारतात. स्टील आणि गुळगुळीत प्लॅस्टिकवर २४ ते ४८ तास, कापड आणि कागदावर साधारण ८ ते १२ तास, हातांवर जेमतेम पाच मिनिटं. तरीही हात महत्त्वाचे, कारण पाच मिनिटांत मूल कितीदा तोंडाला, नाकाला, डोळ्यांना हात लावतं ते एकदा मोजून बघा. तीच दुसऱ्या तासिकेची पहिली कृती करा. जोड्या पाडायच्या, दहा मिनिटं एकानं शांतपणे वाचायचं, दुसऱ्यानं गुपचूप रेघा मारायच्या. आपला आकडा बघून मुलं गप्प होतात.

फळाखडू

ही कृती नक्की घेते. दुसऱ्या तासिकेत पाण्यावर मिऱ्याची पूड आणि साबणाचं बोट, हा प्रयोग ठेवला होता. बोट टेकवताच पूड कडेला पळते, मुलांना मजा वाटते.

सूक्ष्मदर्शी

तो घेऊ नका, कळकळीनं सांगतो. पूड पळते ती पाण्याचा पृष्ठताण साबणामुळे मोडतो म्हणून. मुलांच्या मनात मात्र ‘साबण लावला की जंतू घाबरून पळतात, म्हणजे बोट बुडवलं तरी पुरे’ असं बसतं. शिकवायचंय त्याच्या नेमकं उलट.

फ्लूच्या विषाणूभोवती मेदाचं पातळ वेष्टण असतं. साबण ते विस्कटतो आणि विषाणू निकामी होतो. शिवाय साबणानं चिकट मळ सुटून पाण्याबरोबर वाहून जातो. दोन्हीला चोळणं आणि वेळ लागतो. हे दाखवायला तेल आणि चमकी घ्या. अर्धा चमचा खाद्यतेलात चिमूटभर चमकी कालवून तीन मुलांच्या हातांना लावा. पहिल्यानं नुसता कोरडा रुमाल वापरायचा, दुसऱ्यानं २० सेकंद फक्त पाणी, तिसऱ्यानं २० सेकंद साबण आणि पाणी. मग तिघांचे हात उजेडात धरायचे. साबणवाल्याच्याही अंगठ्याच्या मुळाशी, नखांच्या कडेला आणि बोटांच्या बेचक्यांत चमकी उरलेली सापडते. ‘चुकतं कुठे’ ते मुलांना तिथे स्वतःच दिसतं, पायऱ्या पाठ करून घ्याव्या लागत नाहीत. हात बादलीवर धुवायचे, चमकी मोरीत सोडायची नाही.

शिंकेसाठी फवाऱ्याच्या बाटलीत रंगीत पाणी भरा. अर्धा मीटर, एक मीटर आणि दोन मीटरवर पांढरे कागद लावा. एकदा मोकळा फवारा, एकदा मध्ये दुमडलेल्या कोपराची बाही धरून. डाग मोजायचे. तळहात धरूनही एकदा करा, आणि मग त्या ओल्या हातानं दाराची कडी धरायला सांगा.

हवाखिडकी

फवाऱ्याच्या प्रयोगाला एक पुरवणी हवीच. त्यात फक्त मोठे थेंब दिसतात, जे दीड-दोन मीटरच्या आत खाली पडतात. बोलताना, खोकताना बाहेर पडणारे अतिसूक्ष्म कण पडत नाहीत, बंद खोलीत बराच वेळ तरंगतात. मुलांनी ‘दोन मीटर लांब म्हणजे सुरक्षित’ असा निष्कर्ष काढला तर तो अर्धवट ठरेल. संत्र्याचा प्रयोग करा. खिडक्या-दारं बंद ठेवून फळ्याजवळ संत्रं सोलायचं. वास येईल त्यानं हात वर करायचा. मग सगळं उघडून पुन्हा. वास म्हणजे विषाणू नव्हे हे सांगा, पण हवा सगळ्यांची एकच आहे हे मुलांना कळतं. उदबत्तीचा धूर वापरू नका, वर्गात दमेकरी मूल असू शकतं.

आता हिशोब. वर्ग ८ मीटर लांब, ६ रुंद, ३ उंच धरू. १४४ घनमीटर हवा. मुलं ४०. जागतिक आरोग्य संघटनेनं खोलीतल्या हवेसाठी माणशी सेकंदाला १० लिटर ताजी हवा सुचवली आहे. म्हणजे सेकंदाला ४०० लिटर, तासाला १४४० घनमीटर, म्हणजेच वर्गातली हवा तासाला १० वेळा बदलायला हवी. सगळं बंद असेल तर ती तासात एकदाही धड बदलत नाही.

याचा अर्थ काय? खोकणारं मूल वर्गाबाहेर गेलं असं समजा. हवा तासाला २ वेळा बदलत असेल तर तरंगणारे ९९ टक्के कण जायला १३८ मिनिटं लागतात. ६ वेळा असेल तर ४६ मिनिटं, १० वेळा असेल तर साधारण २८. तासिका ३५-४० मिनिटांची. फरक तुम्हीच बघा.

काय उघडायचं : समोरासमोरच्या भिंतींतलं काहीतरी. एकाच भिंतीतल्या चार खिडक्या सताड उघडण्यापेक्षा समोरासमोर एक खिडकी आणि एक दार बरं. वरचे झरोके कायम उघडे ठेवा, गरम हवा तिथून निघते. थंडी-पावसात खिडक्या वीतभर उघड्या आणि मधल्या सुट्टीत वर्ग रिकामा करून १०-१५ मिनिटं सताड. छताचा पंखा हवा बदलत नाही, आतलीच ढवळतो. स्प्लिट एसीही बहुतेकदा आतलीच हवा थंड करून परत सोडतो. गारवा वाटतो म्हणून हवा ताजी आहे असं समजण्याची चूक इथेच होते. वारा नसेल तर एका खिडकीत उभा पंखा तोंड बाहेर करून ठेवा आणि समोरची बाजू उघडी ठेवा. तो हवा बाहेर ओढतो. आत तोंड करून ठेवलेल्या पंख्यापेक्षा हे चांगलं, कारण आजारी मुलाच्या अंगावरून वारा दुसऱ्यांकडे जात नाही.

मोजायचं असेल तर कार्बन डायऑक्साइडचा मीटर. बाहेरच्या हवेत साधारण ४२० पीपीएम, म्हणजे हवेच्या दहा लाख भागांत ४२० भाग. वर्गात ८०० च्या आसपास म्हणजे उत्तम, १५०० च्या वर म्हणजे लगेच खिडक्या उघडा. आपल्या उच्छ्वासात हा वायू सुमारे ४ टक्के, म्हणजे ४०,००० पीपीएम असतो. त्यामुळे वर्गात १२०० दिसत असेल तर प्रत्येक श्वासातला जवळपास पन्नासावा भाग दुसऱ्या कुणाच्या फुप्फुसातून आलेला आहे. आठवीच्या पुढच्या मुलांना हा हिशोब स्वतः करू द्या. मीटर घेताना तो अवरक्त किरणांनी प्रत्यक्ष वायू मोजणारा घ्या. काही स्वस्त मीटर दुसरेच वायू मोजून अंदाजे आकडा दाखवतात. ओळखायची खूण सोपी आहे, शेजारी सॅनिटायझर चोळला की असा मीटर एकदम उडी मारतो. ठेवायचा बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या उंचीला, खिडकीपासून आणि माणसांपासून मीटरभर लांब.

हवा शुद्ध करणारं यंत्र असेल तर ते कण कमी करतं, कार्बन डायऑक्साइड नाही. मीटरचा आकडा तेवढाच राहिला म्हणून यंत्र निकामी ठरवू नका.

नोंदवही

हवाखिडकी यांनी हवेचा हिशोब मांडला, मी नळांचा मांडते. हात धुवायला तयार असलेलं मूलही शाळेत न धुता परत जातं ते रांगेमुळे. ४०० मुलं, २० मिनिटांची सुट्टी, एका मुलाला हात ओले करण्यापासून पुसेपर्यंत एक मिनिट. ४०० मिनिटं भागिले २० म्हणजे २० नळ. शाळेत ६ असतील तर १२० मुलांचे हात धुऊन होतात. बाकीची २८० मुलं शिकवल्याप्रमाणे वागली नाहीत म्हणून त्यांना रागावण्यात अर्थ नाही.

उपाय दोन. सुट्टीच्या आधी वर्गवार पाच-पाच मिनिटांच्या फरकानं मुलं सोडायची. किंवा नळ वाढवायचे, आणि ते स्वस्तात होतं. पाच लिटरचा कॅन आडव्या काठीवर टांगायचा, वरच्या बाजूला छोटं भोक, दोरीनं जमिनीवरच्या पायपट्टीला बांधायचा. पायानं दाबलं की कॅन कलतो. हात कशालाच लावावा लागत नाही. साबणाच्या वड्या हरवतात, त्याला पर्याय साबणपाणी : दीड लिटर पाण्यात ३० ग्रॅम कपडे धुण्याची पावडर ढवळायची, झाकणाला भोक पाडलेल्या बाटल्यांत भरायची. बाटलीवर ठळक ‘पिऊ नये’. वडीच वापरायची असेल तर जाळीच्या पिशवीत बांधून नळाला अडकवा, म्हणजे निथळते. सगळ्यांनी एकच वडी वापरली तर चालतं का असं पालक विचारतात. चालतं, फेस धुऊन जातो. पाणी गरम असण्याचीही गरज नाही. सामायिक टॉवेल मात्र नको. ओले हात कोरड्या हातांपेक्षा जंतू जास्त उचलतात आणि देतात, म्हणून प्रत्येकाचा आपला छोटा नॅपकिन, रोज धुतलेला.

सॅनिटायझरबद्दल : अल्कोहोल किमान ६० टक्के, आणि हात सुकेपर्यंत २०-३० सेकंद चोळायचा. माती किंवा शेंबूड लागलेल्या हातांवर तो नीट चालत नाही. नाक पुसल्यावर साबणच. प्रयोगशाळेतल्या बर्नरजवळ बाटली ठेवायची नाही.

फरशी आणि बाकांवर औषध फवारण्याची शाळांना फार हौस असते. फ्लूसाठी त्याचा उपयोग नाही, आणि मुलांच्या छातीत वाफ जाते ती वेगळीच. बाकं, दाराच्या कड्या, नळाच्या चाव्या, संगणकाचे कळफलक रोज एकदा साबणपाण्याच्या फडक्यानं पुसले की पुरतं. उलटी किंवा कफ पडला तर आधी पुसून साबणानं धुवायचं, मग ०.१ टक्का ब्लीच (सोडियम हायपोक्लोराइटचं द्रावण). बाजारातलं द्रावण ५ टक्क्यांचं असेल तर २० मिली ब्लीच आणि ९८० मिली साधं पाणी. दहा मिनिटं ओलं राहू द्यायचं. रोज ताजं करायचं, कालचं वापरायचं नाही, कारण त्याची ताकद उतरते. संडास धुण्याच्या ॲसिडबरोबर कधीही मिसळायचं नाही, क्लोरीन वायू सुटतो.

पण ताई, एक गोष्ट या सगळ्याच्या आधी यायला हवी. तुमची तिसरी तासिका पहिली करा.

साध्या हंगामी फ्लूत एक रुग्ण सरासरी १.३ जणांना आजार देतो. म्हणजे १० जणांकडून १३ जणांना. या संसर्गात फक्त पाव भाग घट झाली तरी १३ चे ९.७५ होतात, १० च्या खाली येतात आणि साथ वाढायची थांबते. वर्गात मुलं दाटीनं बसतात, तिथे हा आकडा जास्त असू शकतो. तरी मुद्दा तोच राहतो. शंभर टक्के स्वच्छता लागत नाही. ताप आलेलं मूल ऐन संसर्गाच्या तीन-चार दिवसांत घरी राहिलं तर ही घट सहज साधते. मग प्रश्न असा की ताप असलेलं मूल शाळेत का येतं? त्याला माहिती नसते म्हणून नव्हे. पूर्ण उपस्थितीचं बक्षीस हुकतं म्हणून. चाचणी बुडाली तर शून्य मिळतं म्हणून. वह्या अपूर्ण राहिल्या की बोलणी बसतात म्हणून. घरी सांभाळायला कुणी नसतं म्हणून. यातली पहिली तीन कारणं शाळेनं तयार केलेली आहेत आणि शाळाच ती एका सूचनेनं काढू शकते.

बालवैद्य

नोंदवहीताईंच्या शेवटच्या परिच्छेदाशी पूर्ण सहमत. चौथ्या कारणातून काय घडतं तेही लिहितो. सकाळी साडेसहाला पॅरासिटामॉल देऊन मुलाला शाळेत पाठवलं जातं. त्याचा असर ४ ते ६ तास. दारात ताप तपासला तर सामान्य येतो. साडेअकराच्या सुमाराला मूल बाकावर डोकं टेकतं आणि तोवर चार तासिका वर्गात झालेल्या असतात. पालक मुद्दाम फसवत नाहीत, ‘ताप उतरला म्हणजे बरा झाला’ असं त्यांना खरंच वाटतं. म्हणून नियम या शब्दांत सांगा : *तापाचं औषध न देता २४ तास ताप नसला पाहिजे.* ‘औषध न देता’ हे शब्द गाळले की नियमात काही उरत नाही. हे किमान आहे. खोकला खूप असेल तर आणखी एक-दोन दिवस घरी, आणि परतल्यावर काही दिवस मास्क.

कपाळाच्या तापमापकावर फार विसंबू नका. उन्हातून आलेल्या, घामेजलेल्या कपाळावर तो चुकतो. १०-१५ मिनिटं सावलीत बसवून, घाम पुसून, यंत्राच्या पुस्तिकेत दिलेल्या अंतरावरून मोजा. शंका आली तर काखेत डिजिटल तापमापक. काखेतला आकडा शरीराच्या आतल्या तापमानापेक्षा साधारण अर्धा अंश सेल्सिअस कमी येतो.

घरी काय करायचं : विश्रांती, थोडं थोडं पण सतत पाणी-पेय, पॅरासिटामॉल मुलाच्या वजनाप्रमाणे, डॉक्टरांनी सांगितलेल्या मात्रेत. वयाचा अंदाज करून किंवा थोरल्या भावाची मात्रा अर्धी करून नको. ॲस्पिरिन १८ वर्षांखालच्या कुणालाही फ्लूत द्यायची नाही, राय सिंड्रोम नावाचा यकृत आणि मेंदूचा दुर्मीळ पण जीवघेणा विकार होऊ शकतो. अंगदुखीच्या काही गोळ्यांत ती असते, पाकीट वाचा. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाहीत. ऑसेल्टामिवीर हे फ्लूविरोधी औषध पहिल्या ४८ तासांत सुरू झालं तर जास्त उपयोगी पडतं, पण ते डॉक्टर ठरवतील. दमा, हृदयविकार, मधुमेह, सिकलसेल, फिट्स किंवा इतर मेंदूविकार, अतिस्थूलता असलेली मुलं आणि पाच वर्षांखालची भावंडं यांनी वाट न बघता पहिल्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावं. शाळेनं अशा मुलांची यादी हंगामाआधीच करून ठेवावी, गोपनीय.

धोक्याची लक्षणं मुलांनाही शिकवा, कारण धाकट्या भावंडाजवळ कधी कधी तीच असतात. श्वास जलद चालणं, श्वास घेताना बरगड्यांमधली कातडी आत ओढली जाणं, ओठ निळसर, छातीत दुखणं, आठ तासांत लघवी नाही, हाक मारली तरी धड प्रतिसाद नाही, झटके, उतरता ताप किंवा खोकला पुन्हा उसळणं. शेवटचं लक्षण सर्वांत जास्त दुर्लक्षित राहतं. फ्लू ओसरताना जिवाणूंचा न्यूमोनिया होतो तेव्हा असंच दिसतं. यातलं एकही दिसलं तर त्याच क्षणी दवाखाना.

आणखी एक, पालक घाबरतात म्हणून लिहितो. ताप उतरल्यावर कधी कधी मुलाच्या पोटऱ्या इतक्या दुखतात की ते चवड्यांवर चालतं. बी प्रकारच्या फ्लूनंतर हे जास्त दिसतं आणि बहुधा काही दिवसांत आपोआप जातं. पण लघवी चहासारखी काळपट झाली तर लगेच दाखवा.

हवाखिडकी

डॉक्टर, लसीबद्दलही लिहा ना. पालकसभेत पहिला प्रश्न तोच येतो.

बालवैद्य

लिहितो. सहा महिन्यांवरच्या मुलांना दरवर्षी घेता येते. विषाणू बदलतो म्हणून जागतिक आरोग्य संघटना वर्षातून दोनदा, फेब्रुवारीत उत्तर गोलार्धासाठी आणि सप्टेंबरमध्ये दक्षिण गोलार्धासाठी, लसीत कोणते प्रकार घ्यायचे ते सुचवते. नऊ वर्षांखालचं मूल पहिल्यांदाच घेत असेल तर किमान चार आठवड्यांच्या अंतरानं दोन मात्रा. संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे साथ वर्गात पोचल्यावर धावाधाव करण्यापेक्षा हंगामाआधी घेतलेली बरी.

‘लसीनंच फ्लू झाला’ हे इंजेक्शनच्या लसीबाबत शक्य नाही, तिच्यात जिवंत विषाणू नसतो. दंड दुखणं, एक-दोन दिवस कणकण होऊ शकते. लस घेऊनही फ्लू होऊ शकतो. लसीचा मेळ चांगला बसतो त्या हंगामांत दवाखान्यात जावं लागण्याचा धोका साधारण ४० ते ६० टक्क्यांनी घटतो आणि गंभीर आजार टळण्याची शक्यता वाढते. हे जसंच्या तसं सांगा. जास्त आश्वासन दिलं की पुढच्या वर्षी कुणी विश्वास ठेवत नाही.

मुलांना दिलेल्या लसीचा फायदा घरातल्या वृद्धांना होतो, याचं जपानचं उदाहरण सांगण्यासारखं आहे. तिथे १९६२ पासून शाळकरी मुलांना फ्लूची लस दिली जात होती, काही काळ ती सक्तीची होती. त्या काळात हिवाळ्यातले जादा मृत्यू, मुख्यतः वृद्धांचे, घटले. १९८७ मध्ये सक्ती सैल झाली, १९९४ मध्ये कार्यक्रम थांबला, आणि ते मृत्यू पुन्हा वाढले.

सूक्ष्मदर्शी

लसीबद्दल पुरवणी : बी प्रकाराची यामागाता शाखा मार्च २०२० नंतर खात्रीशीरपणे सापडलेली नाही. म्हणून ए चे दोन आणि बी चे दोन अशा चार उपप्रकारांच्या लसीऐवजी पुन्हा तीन उपप्रकारांची लस सुचवली जाते. ‘एक उपप्रकार कमी का केला’ असं पालकांनी विचारलं तर हे उत्तर.

फळाखडू

सगळ्यांचे मनापासून आभार. क्रम बदलते. पहिल्या तासिकेत ‘ताप आला, आता काय’, दुसरीत चमकी, फवारा आणि संत्रं, तिसरीत वर्गाच्या हवेचा आणि नळांचा हिशोब मुलांकडूनच करून घ्यायचा. मुख्याध्यापकांकडे तो मुलांच्याच अक्षरात जाईल.

दोन शंका. शाळेत असतानाच ताप चढला तर? आणि साथ आलीय हे ओळखायचं कधी?

नोंदवही

पहिल्याचं उत्तर : एक खोली आधीच ठरवून ठेवा. कार्यालयाच्या कोपऱ्यातलं बाक नव्हे, खिडक्या असलेली खोली, शक्यतो दाराजवळची. मुलाला सहन होत असेल तर मास्क, पण दम लागत असेल, उलटी होत असेल किंवा झोप अनावर असेल तर मास्क नको. मोठं माणूस नजरेच्या टप्प्यात, स्वतः मास्क लावून. खोलीत तापमापक, पाणी, टमरेल, कागदी रुमाल, झाकणाचा डबा. प्रत्येक मुलासाठी दोन मोठ्या माणसांचे फोन नंबर, कारण पहिला लागत नाही. आणि मुलाला सगळ्यांसमोर ‘फ्लू झालाय, बाहेर हो’ म्हणून उठवायचं नाही. असं एकदा झालं की पुढची मुलं ताप लपवतात.

दुसऱ्याचं : हजेरीपटात नुसती गैरहजेरी असते, त्यातून काही कळत नाही. शेजारी दोन रकाने वाढवा, ‘ताप + खोकला किंवा घसा’ आणि ‘लक्षणं सुरू झाल्याची तारीख’. गैरहजेरीची तारीख चालणार नाही. शुक्रवारी आजारी पडलेलं मूल सोमवारी गैरहजर दिसतं आणि साथ तीन दिवस उशिरा लक्षात येते. एकाच वर्गात ७२ तासांत तीन मुलं अशी आढळली की त्या वर्गाच्या पालकांना सूचना, सामायिक कार्यक्रम आठवडाभर पुढे, आणि आरोग्य विभागाला कळवायचं. सूचनेत वर्ग आणि संख्या, नावं नाहीत. शाळा बंद करायची का हे आरोग्य विभाग ठरवतो. बंद शाळेतली मुलं शिकवणीला आणि मैदानावर एकत्र आली तर बंदचा उपयोग होत नाही, तेही पालकांना सांगा.

फळाखडू

पालकांना हंगामाआधी पाठवायच्या चिठ्ठीचा मसुदा :

‘ताप आणि खोकला असल्यास पाल्यास शाळेत पाठवू नये. तापाचं औषध न देता २४ तास ताप नसेल तरच पाठवावं. या काळातल्या गैरहजेरीमुळे कोणतंही बक्षीस किंवा गुण जाणार नाहीत. बुडालेली चाचणी आठ दिवसांच्या आत पुन्हा घेतली जाईल. अभ्यास वर्गमित्रामार्फत रोज कळवला जाईल. डॉक्टरांचा दाखला लागणार नाही. दमा, हृदयविकार किंवा मधुमेह असल्यास वर्गशिक्षकांना आधीच कळवावं.’

दाखला मुद्दाम काढला. नाहीतर तेवढ्यासाठी तापलेलं मूल दवाखान्याच्या गर्दीत बसतं.

बालवैद्य

छान झालाय. ‘दमा, हृदयविकार किंवा मधुमेह’ पुढे ‘फिट्स, सिकलसेल किंवा इतर दीर्घ आजार’ घाला. आणि धोक्याची लक्षणं चिठ्ठीच्या मागच्या बाजूला मोठ्या अक्षरांत छापा, ती रात्री दोन वाजता वाचली जाणार आहेत.